मामांची साक्ष, माझं भाषांतर

माझ्या बायकोच्या मामांइतका खरं बोलून समोरच्याला घाम फोडणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी गेवराईपासून पाटोद्यापर्यंत कुठंही उभा राहून सांगायला तयार आहे. खोटं न बोलणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ती निदान अडचणीच्या वेळी गप्प बसतात. मामांना गप्प बसणं हाही लबाडीचाच एक प्रकार वाटतो. आमच्या लग्नात माझे वडील पंगतीतून फिरत अगत्यानं "जेवण कसं झालंय?" असं विचारत होते. सगळी पंगत माना डोलावत होती. मामांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला आणि शांतपणे सांगितलं, "वरण चांगलं हाय. भात कच्चा हाय." वडिलांना वाटलं थट्टा असेल, म्हणून ते हसले. तेव्हा मामांनी शितं बोटानं दाबून दाखवली. पुढं आमची मुलगी झाली, बारशाला सगळे बायकोच्या माहेरचे जमले, आणि पाळण्यात डोकावून मामा म्हणाले, "लेक गुणाची हाय. नाक मात्र बापाचं आलं. आता काय करता!" त्या दिवसापासून मी आरशात नाकाकडं जरा जास्तच बघतो.

मामा एसटीत कंडक्टर होते. बीड ते पाटोदा, लिंबागणेशवरून, हा रस्ता त्यांनी नोकरीभर पायाखाली घातला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी माणसं मोजण्याची त्यांची सवय गेली नाही. मंगल कार्यालय असो, दवाखान्याची रांग असो की मयत असो, मामा दारात उभे राहून ओठ हलवत एकदा नजर फिरवतात आणि आकडा ठरवून टाकतात. बीडच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते रविवारी मागच्या बाकावर बसतात. एकदा बाहेरगावचे कुणी मोठे पाहुणे आले आणि त्यांनी आमच्या पाळकसाहेबांना विचारलं, उपासनेला किती लोक येतात? पाळकसाहेब म्हणाले, "असतात शंभरएक." मागच्या बाकावरून आवाज आला, "त्रेचाळीस. शंभर नाताळला. अन् आजच्या त्रेचाळीसमधले दोघं झोपलेत." पाळकसाहेब भले माणूस, ते स्वतःच हसले. पण त्या दिवसापासून पाहुण्यांना ते पुढच्या खोलीतच चहा पाजतात.

मामांची प्रार्थना हे तर एक स्वतंत्र प्रकरण आहे. लोक देवाकडं आजाऱ्यासाठी आरोग्य मागतात. मामा आजाऱ्याचा पूर्ण पत्ता देतात. "प्रभू, आमचा दगडू सरकारी दवाखान्यात हाय, वरचा मजला, पुरुषांचा वार्ड, खिडकीपासून तिसरी खाट." मी एकदा त्यांना म्हणालो, "मामा, देवाला हे सगळं ठाऊक असतं की." मामा म्हणाले, "ठाऊक असतंय. पण दवाखान्यात खाटा बदलतेत ना, जावईबापू."

रिटायर झाल्यापासून दर रविवारी दुपारी ते पाटोद्याच्या पलीकडच्या एका वस्तीवर जातात. तिथं तीन-चार घरं आपल्या ख्रिस्ती लोकांची आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये मामा सतरंजी टाकतात, गाणं म्हणतात, वचन वाचतात. आधी मामीही बरोबर असायच्या. मामींना किडनीचा आजार झाला आणि दोन वर्षं झिजून त्या गेल्या. त्याला आता चार वर्षं झाली. दोघांनी मिळून यरुशलेम बघायला जायचं ठरवलं होतं. त्यासाठी हौसेनं पासपोर्ट काढले होते. ते तसेच कपाटात राहिले.

त्या पासपोर्टामुळंच मामा कंबोडियाला गेले. झालं असं, की तिथं खेड्यापाड्यांत सेवा करणाऱ्यांची एक परिषद होती. निरनिराळ्या देशांतून लोक येणार होते. आमच्या मंडळीतून दोघांनी जायचं होतं. पाळकसाहेब साक्ष देणार, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सांगणार, आणि मी त्यांचा दुभाषी, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवतो. ऐनवेळी पाळकसाहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. माझ्याशिवाय ज्याचा पासपोर्ट तयार आहे असा मंडळीत एकच माणूस होता: मामा. मी बायकोला म्हटलं, "तिथं मोठमोठी माणसं येणार. मामा काय बोलतील?" ती म्हणाली, "खरं बोलतील." तीच तर भीती होती.

प्रवासात मामांनी मला लाज आणायची एकही संधी वाया घालवली नाही, असं तेव्हा मला वाटलं. विमानात सगळे बसल्यावर ते उठले, मधल्या वाटेनं शेवटपर्यंत चालत गेले, ओठ हलवत परत आले आणि हवाईसुंदरीला मोठ्या आवाजात मराठीत म्हणाले, "बाई, मागं दोन शिटा रिकाम्या हायेत. थांब्यावर कुणी ऱ्हायलं का बगा." त्यांची अशी समजूत आहे की मराठी पुरेशा मोठ्यानं बोललं की जगात कुणालाही कळतं. ती बाई गोड हसली आणि तिनं पाणी आणून दिलं. मामा मला म्हणाले, "बगा, समजलं का न्हाई तिला?" मी खिडकीबाहेर बघत बसलो, जणू हा गृहस्थ माझ्याबरोबर नाहीच. राजधानी नॉम पेनला उतरून तीन-चार तास बसनं आत एका गावात जायचं होतं. त्या बसमध्ये मामा इतके रमले की ड्रायव्हरला वळणावर "येऊ द्या, येऊ द्या" सांगत होते. मुक्कामी पहिल्याच जेवणात त्यांनी डबा उघडून शेंगदाण्याची चटणी सगळ्या टेबलाला वाढली. एका विदेशी पाळकांनी चमचाभर तोंडात टाकली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेव्हा मामा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मी भाताकडं बघत होतो.

साक्षींचा दिवस आला. मोठं सभागृह, वर पंखे, समोर दोनेकशे माणसं. मामांनी आकडा सांगितला होता, पण मी लक्ष दिलं नव्हतं. आमच्या आधी एका देशाचे गृहस्थ बोलले. त्यांनी पडद्यावर फोटो दाखवले: पूर्वी इथं काही नव्हतं, आता एवढी मोठी मंडळी, ही आजारी होती, ती उठून चालायला लागली. सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. मग आमचं नाव पुकारलं. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, पायात कंडक्टरच्या काळातल्या वहाणा अशा थाटात मामा उभे राहिले. त्यांनी मराठीत बोलायचं, मी इंग्रजीत सांगायचं आणि माझ्या शेजारी उभी असलेली तिथली एक शिक्षिका ते ख्मेर भाषेत सांगणार.

मामा म्हणाले, "माझ्याकडं दाखवायला फोटो न्हाईत. मी दर रविवारी एका वस्तीवर जातो. सात माणसं येतेत. पयले अकरा यायची."

मी इंग्रजीत सांगितलं, की ते दर रविवारी एका वस्तीवर जातात, तिथं लोक जमतात. आकडा मी गाळला. आकडा गाळणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं मी मनाला सांगितलं.

मामा म्हणाले, "माझी बायको आजारी पडली. मंडळीनं उपास केले. मी रात्रंदिस प्रार्थना केली."

मी तसंच सांगितलं. सभागृह शांत झालं. समोरची सगळी तोंडं वाट बघत होती, आणि ती कशाची वाट बघत आहेत हे मला नीट कळत होतं.

मामा म्हणाले, "अन् ती गेली."

आजही मला सांगता येत नाही की त्या क्षणी नेमकं काय झालं. कुणी मला सांगितलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. पडद्यावरचे ते फोटो, त्या टाळ्या, आणि आता आपण बीडहून एवढ्या लांब येऊन काय सांगणार तर देवानं ऐकलं नाही? माझ्या तोंडून इंग्रजी वाक्य बाहेर पडलं: "आणि देवानं तिला बरं केलं."

शिक्षिकेनं ते ख्मेरमध्ये सांगितलं आणि टाळ्यांचा पाऊस पडला. मामा दचकले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "टाळ्या कावून वाजवायलेत?"

"तुमचं बोलणं आवडलं त्यांना."

"बायको मेली म्हणल्यावर टाळ्या?"

"त्यांच्यात तशी पद्धत आहे, मामा. तुम्ही बोला पुढं."

मामांनी क्षणभर समोर पाहिलं. मग ते जे बोलले, ते मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या भाचीनंही, म्हणजे माझ्या बायकोनंही नाही. "ती गेल्यावर मी देवाशी अबोला धरला," मामा म्हणाले. "वरीसभर. वस्तीवर जात व्हतो, मोठ्यानं प्रार्थना म्हणत व्हतो, पण आतून एक सबूद बोलत नव्हतो. येक दिवस वस्तीवर कुणीच आलं न्हाई. समदी बाजाराला गेलती. मी सतरंजीवर एकलाच. सवयीनं माणसं मोजली. एक. अन् मला वाटलं, मोजणी चुकली. कंडक्टरला कळतंय मोजणी चुकल्याली. मी पुन्यांदा मोजली अन् म्हणलं, दोन. तवापासून बोलतो त्याच्याशी."

हे मी काय सांगणार? बऱ्या झालेल्या बायकोचा नवरा देवाशी अबोला कशाला धरेल? मी सांगितलं, की त्यानंतर यांचा विश्वास वाढला आणि वस्तीवरचं कामही वाढलं. पुन्हा टाळ्या पडल्या. मामा हात जोडून खाली बसले. माझी मान ताठ होती. एका मोठ्या संकटातून मंडळीची अब्रू वाचवली, असं मला वाटत होतं.

दुपारच्या जेवणानंतर मामा झाडाखाली बसले होते. तेव्हा ती शिक्षिका एका बाईंना घेऊन आली. पन्नाशीच्या, सडपातळ, केस बारीक कापलेल्या. नाव सोखा. दोघी एकाच मंडळीतल्या. सोखाबाईंनी लाल-पांढऱ्या चौकड्यांचा, आपल्या उपरण्याएवढा सुती रुमाल दोन्ही हातांनी मामांपुढं धरला आणि हळू आवाजात काही बोलल्या. शिक्षिकेनं मला इंग्रजीत सांगितलं, "हा यांच्या पत्नीसाठी, म्हणते. तिचा नवराही असाच आजारी पडला होता. ती पण खूप प्रार्थना करत होती. तो गेल्या वर्षी वारला. तिला विचारायचंय, यांनी कोणते शब्द वापरले? तिच्या प्रार्थनेत काय कमी पडलं?"

"काय म्हणायली बाई?" मामांनी विचारलं.

मी म्हणालो, "तुमची साक्ष आवडली म्हणतात. हा रुमाल तुम्हाला भेट."

मामांनी रुमाल घेतला, पण त्यांची नजर बाईंच्या चेहऱ्यावरून हटेना. "न्हाई. ही बाई कायतरी इचारायली. नीट ऐका, जावईबापू."

"नाही मामा, एवढंच."

आणि शिक्षिकेला मी इंग्रजीत काहीतरी थातुरमातुर सांगितलं, की देवाची इच्छा आपल्याला कळत नाही वगैरे. सोखाबाईंनी मान हलवली. मामा उठले, पिशवीतून चटणीचा उरलेला डबा काढला, तिच्या हातात ठेवला आणि मोठ्यानं मराठीत म्हणाले, "ताई, भाताबरूबर खा. जरा बेतानं." बाई कसंनुसं हसल्या आणि गेल्या. मामा, त्या गेल्या त्या वाटेकडं बघत उभे होते.

परतल्यावर पहिल्याच रविवारी बीडच्या मंडळीत आमचा अनुभव सांगायचा कार्यक्रम ठरला. मी वहीत मुद्दे काढून नेले होते, ते नीट सांगितले. मग मामा उठले. तो चौकड्यांचा रुमाल त्यांच्या गळ्यात होता. विमानात किती माणसं होती, तिथं तिन्ही वेळ भातच असतो, माणसं लई मायाळू हायेत, हे सगळं त्यांनी सांगितलं. मंडळी हसत होती. मग ते म्हणाले,

"तितं मी एक शिकलो. कुणी मेलं म्हणलं की ती माणसं टाळ्या वाजवतेत. माझी बायको गेली म्हणलं, तर समद्यांनी वाजवल्या. पयले मला लई वाईट वाटलं. मग वाटलं, त्यांचंच बराबर हाय. ती प्रभूकडं गेली, तर टाळ्या वाजवायला पायजेत. तिच्या मयताला आपुन नुसतं रडलो. आज तिच्यासाठी एकदा वाजवा की समदी."

कुणाला काय करावं कळेना. मग पहिल्या बाकावर बसलेल्या पाळकसाहेबांनी काठी बाजूला ठेवून टाळी वाजवली. मग एकेक करत सगळे. माझी बायको रडत रडत वाजवत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझे हात मांडीवरून उचलले जात नव्हते. मामा मात्र ऊर भरून उभे होते, डोळे मिटून, जणू मामी आत्ता पदर सावरत मधल्या वाटेनं येत आहेत.

उपासना संपल्यावर मी मामांना मागच्या अंगणात लिंबाखाली घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. आकडा, टाळ्या, सोखाबाईंचा प्रश्न, सगळं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी गळ्यातला रुमाल काढला, घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी त्या बाईला वाटतंय, की माझी वाचली अन् तिचाच तेवढा गेला?"

मी मान खाली घातली.

"अन् ती कोणते सबूद इचारायलती?"

"हो."

"फोन लावा."

"मामा, उद्या शांतपणे..."

"आत्ता लावा. तिथं ती एकली बसली असंल, आपलं काय चुकलं म्हणून."

शिक्षिकेचा नंबर माझ्याकडं होता. रविवार असल्यानं सोखाबाईही प्रार्थनाघरातच भेटल्या. मामा फोनवर असे ओरडत होते की अंगणातले लोक जवळ आले. "सांगा तिला, माझा जावई खोटं बोलला." मी इंग्रजीत सांगितलं, की मी खोटं बोललो. "'जावई' म्हणलं का?" "म्हटलं, मामा." "सांगा, माझी बायको वाचली न्हाई. माझे सबूद बी तिच्यावाणीच व्हते. तिच्यात काय कमी न्हाई." मी शब्दन् शब्द सांगत गेलो. मग अबोल्याचं, मग सतरंजीचं आणि मोजणीचं. पलीकडं शिक्षिका थांबत थांबत सांगत होती. मध्येच मामांना वाटलं फोन कटला. मग शिक्षिकेचा आवाज आला: "ती म्हणते, तिचाही वर्षभर अबोला आहे. ती दर रविवारी गाणं म्हणवून घेते, पण स्वतः आतून गप्प असते. तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."

मी ते मामांना सांगितलं. मामांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "तिला म्हणावं, घाई न्हाई." मग एकदम आठवून म्हणाले, "अन् ह्यो रुमाल? बायकोसाठी दिलता ना? पाठवू का माघारी?" पलीकडून उत्तर आलं, की ठेवा, आणि ती चटणी फार तिखट होती, पण संपली.

पुढच्या रविवारी मी मंडळीसमोर उभा राहून खरं काय ते सांगितलं. मामांनी मला तसं करायला सांगितलं नव्हतं, पण मागच्या बाकावर ते बसलेले असताना दुसरं काही करणं शक्य नव्हतं. बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मामींसाठी वाजवलेल्या टाळ्यांचं काय, असं कुणीतरी मामांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्या टाळ्या कुणी खोट्या वाजवल्या व्हत्या का? मंग ऱ्हाऊ द्या."

मामांनी मला कधी बोल लावला नाही. पण एक बदल झाला. पूर्वी मी काही वाचून दाखवलं, एखादं इंग्रजी पत्र, औषधाची चिठ्ठी, की ते नुसती मान हलवायचे. आता ते माझ्या तोंडाकडं बघतात आणि अगदी मऊ आवाजात विचारतात, "असंच लिव्हलंय ना?" त्यात टोमणा नसतो. टोमणा त्यांना मारताच येत नाही. अंधारात जिना उतरताना माणूस पायानं पायरी चाचपतो, तसं ते विचारणं असतं. दर वेळी मी "हो मामा" म्हणतो आणि दर वेळी मला माझ्या वयाचा विसर पडून शाळेतल्या मुलासारखं उभं असल्यासारखं वाटतं.

गेल्या महिन्यात त्यांना चालताना दम लागायला लागला, म्हणून दवाखान्यात तपासणीला नेलं. रिपोर्ट इंग्रजीत होता. दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून मामा म्हणाले, "वाचा." त्यात दोन ओळी अशा होत्या की त्या मी दुसऱ्या कुणालाही वाचून दाखवल्या नसत्या, निदान तिथं बाकावर तरी नाही. मी त्या वाचल्या. हृदय मोठं झालंय, त्याची ताकद निम्म्यावर आली आहे, हे मराठीत जसंच्या तसं सांगितलं. मामा कागदाकडं नाही, माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

त्या दिवशी त्यांनी "असंच लिव्हलंय ना?" असं विचारलं नाही. मी मात्र त्यांच्या शेजारी बसून मनातल्या मनात वाट बघत होतो, की त्यांनी एकदा विचारावं आणि मला निदान आज तरी "नाही मामा" असं खोटं बोलता यावं.